तांब्याचं तिसरं पान

पडदा वर जातो तेव्हा समोर माणूस दिसत नाही, नुसता धूर दिसतो. मागे तेरणेचं पात्र, हिवाळ्यातलं, गुडघाभर पाण्याचं. डाव्या अंगाला पांढऱ्या मातीचं मोठं टेकाड. त्याच्या पोटात जुनं तेर गाडलेलं आहे, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी घरांच्या धाब्यांवर टाकायला लोक तिथलीच माती खणून नेतात. उजवीकडे लिंबाचं झाड. झाडाखाली खड्डा, खड्ड्यात कोळसे, कोळशांना वारा घालणारा कातडी भाता. धूर विरतो आणि दिसतं, की एक शिडशिडीत माणूस तांब्याच्या हंड्यात उभा राहून नाचतो आहे. दोन्ही हातांनी लिंबाची फांदी धरलेली, पायांखाली विटेचा चुरा नि चिंध्या, आणि कमरेखालचं सगळं अंग ताक घुसळणाऱ्या रवीसारखं डावी-उजवीकडे फिरतंय.

हे जैनोद्दीन कलईगर. साल १९४६, महिना जानेवारीचा, राज्य निजामाचं. आमची नाटक कंपनी बार्शीच्या छोट्या आगगाडीतून तेरला उतरली होती आणि खेळाची परवानगी तहसीलमधून येईना म्हणून अडकून पडली होती. तंबू उभा, पेट्या बंद, आणि आचाऱ्याची भांडी कलई उडून हिरवी पडलेली. ती कलईगराकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा, नायिकेच्या भूमिका करणारा, कुड्यांसाठी कान टोचलेला.

"काय बघता?" हंड्यातून आवाज आला.

"नाच बघतोय."

"मग टाका की पैसा. तुमचा नाच बघाया आमी टाकतोच." नाच काही थांबला नाही. "तुम्ही लुगडं नेसून नाचता, म्या हंड्यात. फरक एवढाच, माझ्या नाचानं भांडं तरी चकाकतं."

आमच्या कंपनीत विनोदी नटाला सत्तर रुपये पगार होता. मी मनात म्हटलं, हा माणूस फुकट गेला.

त्यानंतर मी रोज तिथं जाऊन बसू लागलो. करायला दुसरं काही नव्हतं, आणि ते काम बघण्यासारखं होतं. तापलेल्या भांड्यात कथलाची काडी फिरवायची, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर फसकन वर यायचा, आणि त्या धुरातच कापसाच्या बोळ्यानं एक हात असा फिरायचा की काळं तांबं चांदीसारखं उजळायचं. मी पुढं मोठमोठ्या रंगभूषाकारांचे हात पाहिले. तो हात वेगळाच होता.

कलईखेरीज ते दोन कामं करीत. एक, फुटक्या भांड्याला ठिगळ लावणं. त्यासाठी लागणारं तांबं टेकाडातून यायचं. माती खणताना लोकांना हिरवे, गंजलेले तुकडे सापडत: जाडजूड पैसे, कडी, वाटीचे काठ. ते आणून जैनोद्दीनभाईंच्या पुढ्यात ओतायचे. हाती पडेल ते घेऊन ते मुशीत टाकायचे. "निजामसरकारची सोन्याची खाण असंल," ते टेकाडाकडे हनुवटी करून म्हणायचे, "माझी ही तांब्याची. पंचवीस वर्सं चाललीय, अजून बूड लागलं न्हाय."

दुसरं काम नावं घालायचं. लेकीच्या लग्नात भांडी द्यायची तर त्यांवर नाव पाहिजेच. बाप चिठ्ठीवर अक्षरं लिहून आणी, आणि जैनोद्दीनभाई लोखंडी टोच्यानं ठिपक्या-ठिपक्यांनी ती तांब्यावर उठवीत. स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण त्या बाबतीत त्यांचा एक दंडक होता. नाव असलेलं भांडं कुणी दुसराच घेऊन आला आणि म्हणाला, "हे नाव घासून टाका," तर ते भांडं परत त्याच्या हातात ठेवायचे. "नाव पुसायचं काम चोराच्या कलईगराचं," म्हणायचे. "माझ्या बापानं पुसलं न्हाय. म्या पुसणार न्हाय."

एके सकाळी कल्याणप्पा मास्तर पातेलं घेऊन आले. सरकारी प्राथमिक शाळेचे मास्तर. लहानखुरे, चष्म्याला दोरा बांधलेला, बोलताना नेहमी धावत आल्यासारखे. टेकाडावर सापडलेल्या वस्तू ते शाळेच्या एका खोलीत कपाट भरून ठेवायचे. गाव त्या खोलीला मास्तरांचा अजायबखाना म्हणून हसायचं. मास्तर पातेलं ठेवायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. जैनोद्दीनभाई गरम भांडी टेकवायला खाली तांब्याचे दोन पत्रे ठेवत. मास्तरांनी धोतराच्या सोग्यानं त्यातला एक पुसला.

"जैनोद्दीनभाई, हे कुठनं आणलं?"

"बब्रुवाननं दिलं. दोन वर्सं झाली. माती खणताना घावलं. असे तीन व्हते, कड्यात ओवलेले."

"ह्यावर लिहिलंय, दिसलं न्हाय का तुम्हाला?"

"मोडी न्हाय, उर्दू न्हाय, कानडी बी न्हाय म्हनं. मला वाटलं, येलबुट्टी हाय." मग हसून, "आन् लई खोल हाय वो मास्तर, घासाया जड जातंय."

मास्तर हसले नाहीत. दोन्ही पत्रे त्यांनी पोटाशी धरले आणि पातेलं तिथंच टाकून शाळेकडे पळत सुटले.

त्यांनी शाई लावून पत्र्यांचे ठसे घेतले आणि पुण्याला एका जाणत्याकडे टपालानं पाठवले. अठराव्या दिवशी उत्तर आलं. तोवर आमची परवानगी आली नव्हतीच, म्हणून त्या दिवशी मीही तिथं होतो.

जैनोद्दीनभाई अजायबखान्यात पहिल्यांदाच येत होते. नदीवर पाय धुऊन, डोक्याला धुवट रुमाल बांधून आले. खोलीत एक हिरवं कपाट, त्यात मातीचे दिवे, मणी, हात तुटलेली एक मातीची बाई. खालच्या कप्प्यात ओळीनं तांब्याचे जाड पैसे, प्रत्येकापुढं मास्तरांच्या अक्षरातली चिठ्ठी.

"हे तर माझं मोड हाय," ते म्हणाले.

"नाणी आहेत ती. दीड-दोन हजार वर्षांची."

"अरं बाबा! म्या पोतंभर वितळवली."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. जैनोद्दीनभाई मात्र खळखळून हसले. "पैसा हाय मास्तर, फिरायलाच घडवला. फिरून फिरून हंड्याला लागला, काय बिघडलं?"

मग मास्तरांनी पत्र वाचायला घेतलं. त्या दोन पानांवर असं होतं: या नगरातल्या तांबटांनी एकत्र येऊन एक शेत दिलं आहे. त्याच्या उत्पन्नातून इथं रोज एक दिवा लागावा. चंद्र-सूर्य आहेत तोवर लागावा. आणि ज्या तांबटांनी हे दिलं त्यांची नावं पुढं कोरली आहेत, ती अशी.

मास्तर थांबले.

"वाचा की."

"इथं दुसरं पान संपतं. नावं तिसऱ्यावर असणार. जैनोद्दीनभाई, तिसरं पान कुठंय?"

मी नट आहे. माणसाचा चेहरा बदलताना पाहणं हा माझा धंदा. तरी त्या चेहऱ्याची नक्कल मला कधी जमली नाही. ते हळूच खाली बसले, जमिनीवर, आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

"ते पातळ व्हतं, अक्षरं बी वरवरची," ते म्हणाले. "ठिगळाला बरं म्हणून कातरलं. एका हंड्याच्या बुडाला लावलं. साफ बाजू आत, कलई नीट बसावी म्हणून. अक्षरं भाईर."

"कुणाचा हंडा?"

"गावंच्या गावं फिरतो मी मास्तर. कुणाचा म्हणून सांगू?"

बाहेर पोरं उर्दूतून पाढे म्हणत होती.

"माझ्याच धंद्याची माणसं," ते म्हणाले. "नाव ऱ्हावं म्हणून तांब्यावर घातलं. कागदावर न्हाय, भिंतीवर न्हाय. आन् येऊन येऊन माझ्या कातरीत आली."

"तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुमचा काय दोष?"

"मला कुठलंच नाव वाचता येत न्हाय मास्तर. पर घालतो, आन् पुसत न्हाय."

दोन दिवसांनी आमची परवानगी आली. चार खेळ झाले. जैनोद्दीनभाई एकाही खेळाला आले नाहीत. मी निरोप घ्यायला घरी गेलो तर दारातच त्यांची बायको सकिनाबी भेटल्या. मूलबाळ नसलेलं घर, दोन शेळ्या, एक लिंबोणी. "गये," त्या म्हणाल्या. "सारे मुलुख के हंडे उलटाने गये. मैं बोली, कायकू जी? तो बोलते, जिन्हके नाम हैं उन्हके नाम हैं." मग मला वाईट वाटू नये म्हणून दोन लिंबं हातावर ठेवून मराठीत म्हणाल्या, "येतील. भूक लागली की येतील."

पुढं जवळजवळ दोन वर्षं माझा त्यांच्याशी संबंध नव्हता. १९४७च्या डिसेंबरात दुसऱ्या एका कंपनीबरोबर मी परंड्याला गेलो. किल्ल्याच्या बुरजाखाली धूर दिसला आणि मी ओळखलं. जवळ गेलो. भाता तोच, माणूस अर्धा राहिलेला.

"सापडलं का?"

"न्हाय. पर भूम झालं, वाशी अर्धी झाली, परंड्याची चार गावं ऱ्हायली." ते हंडा पालथा घालून बूड निरखत होते. "आता सवयच लागलीय. बाई हंडा घेऊन आली की आधी बूड बघतो. बाईचं तोंड बघायचं ऱ्हातंय. परवा मेहुणी आली तर वळखली न्हाय."

तिथल्या बायकांकडून कळलं, की त्यांनी बुडं पाहू दिली तर ते कलईची मजुरी घेत नाहीत. आणि कुणी भांडं बाहेर काढलं नाही, तर दारात उभं राहून विचारतात: हंड्याला बुडाशी ठिगळ हाय का, अक्षरांचं?

मी म्हटलं, "जैनोद्दीनभाई, दिवस बरे नाहीत. रझाकार गावं लुटताहेत. तिकडून सरहद्दीवरची माणसं चिडून आहेत. तुम्ही गावोगाव एकटे फिरू नका."

"मी कुठं रझाकार हाय?"

"ते तुम्हाला ठाऊक. दाराआडच्या माणसाला कसं कळणार?"

"भाता बघून कळंल की," ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की भात्याकडे पाहून माणूस कळतो.

मी त्यांना आमच्या तंबूत जेवायला नेलं. त्या रात्रीच्या खेळात शेवटी माझ्यावर एक रडण्याचा प्रसंग होता. ते पहिल्या रांगेत बसले होते आणि माझ्याआधी रडायला लागले. खेळ संपल्यावर डोळे पुशीत आत आले. "लई ब्येस रडता तुम्ही," म्हणाले. "पर लुगड्याच्या निऱ्या वाकड्या हायेत." ती माझी त्यांची हसून झालेली शेवटची भेट.

पुढं जे झालं ते मी पाहिलेलं नाही. मास्तरांनी सांगितलं तसं लिहितो.

१९४८चा उन्हाळा. तेरखेड्याच्या अलीकडे एक खेडं आहे. नाव लिहीत नाही, आज तिथं नातवंडं नांदताहेत. त्या भागात रझाकारांनी दोन गावं लुटली होती, आणि लुटीत पहिली जात ती तांब्या-पितळेची भांडी. अशात एक मुसलमान कलईगर गावात येतो, घराघरांत हंडे किती ते विचारतो, उलटेपालटे करून बघतो, आणि मजुरीही घेत नाही. लोकांनी काय समजावं? हा भांडी मोजून जातो, मागनं टोळी येते. गावानं तेच समजलं. पारावर त्यांना धरलं. ते सांगत होते, की पानावर नावं आहेत, मेलेल्या तांबटांची नावं. ते ऐकून लोक आणखीच खवळले; म्हणाले, बघा, यादी पण आहे याच्याकडं. बरगड्या मोडल्या. भाता जाळला. कुणीतरी दया येऊन त्यांना गाडीत घालून येडशीच्या रस्त्यावर सोडलं.

सप्टेंबरात हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि पाच दिवसांत राज्य बदललं. आम्ही बार्शीत पेढे वाटले, मीही वाटले. खोटं कशाला बोलू? ज्यांनी जुलूम केले होते त्यांतले पुष्कळसे आधीच पसार झाले होते. पुढच्या दिवसांत सूड घेणाऱ्यांच्या हाती लागली ती बहुतेक भाता, सुई आणि पिंजणी चालवणारी माणसं. तेरमधली काही मुसलमान घरं बार्शीकडे निघून गेली. जैनोद्दीनभाईंना हलवणं शक्य नव्हतं. खोकल्यातून रक्त पडत होतं. कल्याणप्पा मास्तरांनी त्यांना आणि सकिनाबींना उचलून शाळेत आणलं, त्या हिरव्या कपाटाच्या खोलीत ठेवलं आणि स्वतः दाराबाहेर घोंगडी टाकून झोपू लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "सरकारी जागा हाय. आत यायचं तर सरकारला विचारून या."

दिवाळी झाल्यावर मी तेरला गेलो. शाळा अजून भरत नव्हती. कपाटाशेजारी चटईवर ते पडले होते. मला पाहून नजर हलली.

"सापडलं न्हाय," एवढंच म्हणाले. कसे आहात, कुठनं आलात, काही नाही.

दुसऱ्या दिवशी, ऊन चांगलं वर आलेलं असताना, दारात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, धुळीनं माखलेली, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर तांब्याचा हंडा. तिनं आत कोण आहे ते पाहिलं आणि उंबऱ्याबाहेरच हंडा उतरवला.

"कोण तुम्ही?" मास्तरांनी विचारलं.

"कोंडाबाई." मग तिनं गावाचं नाव सांगितलं. तेच गाव. येडशीपर्यंत कुणाच्या बैलगाडीनं आणि तिथून हंडा डोक्यावर घेऊन, तेरच्या कलईगराची चौकशी करीत चालत आली होती. सकिनाबी उठून उभ्या राहिल्या. क्षणभर वाटलं, त्या बाईला ढकलून देतात की काय. पण त्यांनी तांब्याभर पाणी तिच्या पुढं ठेवलं आणि तोंड फिरवून भिंतीकडे बसल्या.

कोंडाबाईनं पाणी घेतलं नाही. ती चटईकडे बघून बोलू लागली. "भाऊ, त्या दिवशी तुम्ही माझ्या दारात आला व्हता. हंडा घरातच व्हता. गावात हाकाटी झालती, कलईवाला भांडी मोजतोय म्हणून. म्या भिले. कणगीमागं सारला, वर पोतं टाकलं. तुम्ही इचारलं, ठिगळाचा हंडा हाय का, आन् म्या न्हाय म्हणले." ती थांबली. "पारावर तुम्हाला धरलं, त्यात आमचे मालक बी व्हते. मागनं म्या हंडा पालथा घालून बघितला. तुम्ही सांगत व्हता तसंच ठिगळ निघालं. तवापासून ह्या हंड्याचं पाणी प्यावं वाटंना. त्यांना न सांगता आले. काय करायचं ते करा ह्याचं."

जैनोद्दीनभाई उठायला धडपडले. मी आणि सकिनाबींनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून बसवलं. मास्तरांनी हंडा आत आणून त्यांच्यापुढं पालथा घातला.

बूड झळझळत होतं. मधोमध ठिगळ, गोल कातरलेलं, काठानं ठोकून बसवलेलं. त्यात खोलीचं दार दिसत होतं, इतकं साफ.

मास्तर भिंग घेऊन गुडघ्यांवर वाकले. मग शाई लावून कागद दाबला, उचलला, उजेडात धरला. कागद सगळा काळा. एका कडेला दोन-तीन पांढऱ्या रेघा, केसासारख्या. त्यांनी दुसरा कागद घेतला, तिसरा घेतला. तिन्ही सारखेच काळे निघाले.

"लिहिलंय का?" जैनोद्दीनभाईंनी विचारलं.

मास्तर खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. "होतं," ते म्हणाले. "झिजलंय. कडेला एखादं अर्धं अक्षर असेल. नाव निघणार नाही, जैनोद्दीनभाई."

कोंडाबाई उंबऱ्याशी बसली होती. तिला नक्की काय हरवलं ते समजलं नव्हतं, पण आपल्याकडून काही झालं एवढं समजलं. "आमच्या घरात भांडं मळकं न्हाय ठेवत," ती घाईघाईनं म्हणाली. "नदीच्या वाळूनं घासते वो म्या. रोज. आरशावाणी ठेवलाय, बघा की." बोलता बोलता ती मास्तरांच्या हातातल्या काळ्या कागदाकडे बघायला लागली, आणि तिनं पदर तोंडाशी नेला.

जैनोद्दीनभाईंनी अंगठा ठिगळाच्या कडेवरून फिरवला. सावकाश, एक पूर्ण वेढा. एका जागी अंगठा अडला. तिथंच त्यांनी तो ठेवला, बराच वेळ.

मास्तर म्हणाले, "एवढं ठिगळ काढून घेऊ. कपाटात ठेवू, उरल्यासुरल्यासकट. बाईंना मी दुसरा हंडा घेऊन देतो."

जैनोद्दीनभाईंनी मान हलवली. "कातर नगं, मास्तर. एकदा लावली, बास झालं. पाण्यावर हाय, ऱ्हाऊ द्या पाण्यावर."

मग त्यांनी खूण केली. मी हंडा उचलून कोंडाबाईपाशी नेला. ती तो घेईना. पदरात तोंड खुपसून रडत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडाकडे, हंड्याकडे नाही.

त्यानंतर ते तीन दिवस होते. सकिनाबींनी पाणी विचारलं तरी पापणीनं हो-नाही सांगायचे. म्हणून या माणसाच्या तोंडचे शेवटचे शब्द कोणते, हे मी खात्रीनं सांगू शकतो. मी दोन हातांवर होतो. ते कोंडाबाईला म्हणाले,

"घेऊन जावा, बाई. राखेनं घासत जावा. वाळू लावू नका."